मागे जायचा बाण

मास्तरांचा सगळा धंदा उसवण्यावर उभा होता. टाका चुकला की ते पुढे रेटत नसत. मागे येत, दोरा काढत आणि पुन्हा शिवत. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. पण एवढ्या भरवशावर माणसानं कॉम्प्युटरपुढे बसू नये. मास्तर बसले.

त्यांची ताई शहराबाहेरच्या इस्पितळात होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, भेटायचं तर या रविवारीच भेटा. तिथे रविवारी एका रोग्याला एकच माणूस भेटू शकतो आणि त्याचा पास फक्त वेबसाइटवर मिळतो. म्हणून शनिवारी अर्धवट शिवलेले कोट बाजूला सारून मास्तरांनी मुलीचा जुना लॅपटॉप कापायच्या टेबलावर मांडला.

नाव, नातं, ओळखपत्राचा नंबर, सगळं भरून त्यांनी 'पुढे' दाबलं. मग पांढरं पान आणि मधोमध गरगरणारं चाक. मास्तरांनी चष्मा पुसला, चहा संपवला, तरी चाक आपलं गरगरतंय. असल्या चाकाला कुणाच्या जिवाची काय पडलेली असते!

"हात लावू नका, चालू आहे ते," काजं करता करता बायको म्हणाली.

"चालू कसलं, अडकलंय. जरा मागे घेतो आणि परत करतो."

"अहो, थांबा की थोडं!"

पण हात शिवशिवत होते. त्यांनी मागे जायचा बाण दाबला. आधीचं पान लगेच आलं, 'भेट उपलब्ध' असं हिरव्या अक्षरांत मिरवत. "बघ!" मास्तर म्हणाले आणि पुन्हा सगळं भरलं. या वेळी उत्तर झटकन आलं: 'या रोग्याची भेट राखून ठेवली आहे.'

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ताईच्या नवऱ्याला फोन लावला.

"भावोजी, मला न विचारता भेट घेतलीत ना तुम्ही?"

"मी?" भावोजींचा आवाज बसलेला होता. "मागच्या रविवारी मी जाऊन आलो. हा तुमचा म्हणून मी ती साइट उघडलीसुद्धा नाही."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी इस्पितळात फोन केला.

"भेट तुमच्याच नावावर राखलीय," तिथली बाई म्हणाली. "साइट हळू चालते, पण काम होत होतं. तुम्ही मध्येच मागे गेलात, म्हणून पास तयार झाला नाही. मागे गेल्यावर दिसलं ते जुनंच पान."

"मग सोडवा ती. परत घेतो."

"ते ऑफिसातून होतं. ऑफिस सोमवारी उघडेल."

"बाई, सख्खी बहीण आहे हो माझी."

"माझ्या हातात असतं तर कशाला अडवलं असतं?"

तरी रविवारी मास्तर गेले. न जाऊन करतात काय! गेटवर पहारेकऱ्याच्या विनवण्या चालू असतानाच वॉर्डातून नर्सचा फोन आला.

"कुठवर आलात? फळ्यावर तुमचं नाव आहे. ताईंनी सकाळीच केस विंचरून घेतलेत. तुमच्यासाठी खुर्ची जवळ ओढून ठेवायला लावलीय."

"खाली गेटवरच आहे मी."

"मग या ना वर. दाराकडे डोळे लावून बसल्यात त्या."

मास्तरांनी फोन पहारेकऱ्याच्या कानाला लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन परत दिला.

"नाव आहे, मान्य," तो म्हणाला. "पास दाखवा."

भेटीची वेळ संपेपर्यंत ती खुर्ची मास्तरांच्याच नावावर राहिली. मागाहून धावत आलेल्या भावोजींनाही त्यांच्याऐवजी कुणी तिथे बसू दिलं नाही.