खिदळ्याचा वाकडा दात

"भावोजी, आज परत दिसला."

वहिनींनी पिशवी दारातच टेकवली आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. काकांनी हातातली मेण कापायची सुरी खाली ठेवली नाही.

"कुठे?"

"बसथांब्यावर. एक म्हातारे गृहस्थ कुणाशी तरी बोलत होते. बोलता बोलता हसले आणि तो दिसला. तोंड मिटलं, की गेला."

त्या आठवड्यातली ही तिसरी खेप. आधी औषधांच्या दुकानात, मग बागेतल्या बाकावर. दर वेळी कुणीतरी म्हातारं माणूस, आणि दर वेळी त्याच्या हसण्यात वहिनींचा सात महिन्यांपूर्वी गेलेला मुलगा.

काका कवळ्या बनवायचे. डेंटिस्ट त्यांच्या रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवायचे. काका त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, साच्यावर गुलाबी मेण चढवायचे आणि त्या मेणात एकेक दात बसवायचे. खालच्या खोलीत हे काम चाले. वर घर. थोरला भाऊ ऐन तरुणपणी गेला, तेव्हा वहिनी आणि त्यांचं तीन वर्षांचं पोर यांना काकांनी आपल्या घरी आणलं. स्वतःच्या लग्नाचा विषय मग निघालाच नाही.

ते पोर म्हणजे खिदळ्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण मास्तरसुद्धा ते विसरले होते. मोठा झाला आणि काकांच्याच टेबलाशी बसून काम शिकला. हात चांगला, तोंड त्याहून चालू. एका हातात वरचे दात, दुसऱ्या हातात खालचे, आणि ते एकमेकांवर आपटत तो काकांचा आवाज काढायचा, "दात काढू नकोस, दात बसव!" काका रागवायला तोंड उघडत आणि हसू फुटून बसत.

सात महिन्यांपूर्वी, दुपारी जेवण झाल्यावर, तो म्हणाला, "काका, जरा टेकतो हं." स्टुलावर बसला, भिंतीला डोकं लावलं. काकांना वाटलं, सोंग करतोय. दोन दात बसवून होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वय सव्वीस. हृदयात जन्मापासून दोष होता, असं डॉक्टर म्हणाले. ते दोन दात बसवायला लागलेला वेळ काकांच्या मनातून अजून सरत नव्हता.

आणि आता वहिनी. घरात उरलेलं एकच माणूस, आणि तेही हातातून निसटायला लागलं होतं. काकांनी मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतली. वहिनींना सांगितलं, "रक्तदाब तपासू."

शनिवारी सकाळी एक निवृत्त पोस्टमन आले. कागदात गुंडाळलेली कवळी त्यांनी टेबलावर ठेवली. तोंडाचं बोळकं झालेलं, तरी बोलणं थांबत नव्हतं.

"धुताना हातातून सटकली हो. मागून चीर गेलीय बघा. तुमच्या पुतण्यानेच केली होती. मोठा गमत्या. कुठाय?"

"नाहीये," काका म्हणाले.

"बाहेर गेलाय?"

काकांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते पोस्टमनलाही कळलं नाही. ते "संध्याकाळी येतो" म्हणून गेले.

काकांनी कवळी दिव्याखाली धरली. चीर मागे होती, पण त्यांचा डोळा पुढेच अडकला. वरच्या ओळीत, डावीकडे, मधल्या दातांना लागून असलेला दात किंचित आत वळला होता आणि शेजारच्यावर जरासा चढला होता. एखाद्याने गर्दीत खांदा तिरका करून वाट काढावी, तसा.

काकांची दातखीळ बसली. हा दात त्यांनी वीस वर्षं रोज जेवताना समोर पाहिला होता.

ते उठले आणि फळीवरचे खिदळ्याने केलेले नमुने एकेक करून खाली घेऊ लागले. प्रत्येक तयार कवळीचा एक प्लास्टरचा नमुना ठेवायची त्यांच्याकडे पद्धत होती. पहिला. डावीकडे दुसरा दात तिरका. दुसरा. तिरका. तेरा नमुने काढले, तेराही तसेच.

मग त्यांना आठवलं. काम करताना खिदळ्या एक छोटा आरसा समोर ठेवायचा. काका ओरडायचे, "भांग नंतर पाड रे!" आणि कधी तिरका दात दिसला, की, "ओळीत बसव." त्यावर तो म्हणायचा, "काका, इतके सरळ दात खऱ्या माणसाला असतात का? लगेच कळतं, खोटे आहेत म्हणून." काकांना वाटायचं, पोरगं कामचुकार आहे. पोरगं आरशात बघून स्वतःचं हसू लोकांच्या तोंडात बसवत होतं.

काका नमुना घेऊन जिना चढले.

"वहिनी, सोमवारी कुठे जायचं नाहीये. तुम्हाला दिसतं ते खरं आहे."

वहिनींनी तो प्लास्टरचा तुकडा दोन्ही हातांत घेतला. दातावरून अंगठा फिरवला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी कवळी करा आता."

त्यांचे वरचे दात खिदळ्या गेला त्याच्या आदल्याच आठवड्यात काढले होते. आईची कवळी मीच करणार, कुणी हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं होतं. तेव्हापासून त्या भाकरी पाण्यात मऊ करून खात होत्या. काकांनी दोनदा विषय काढला होता, दोनदा त्या उठून गेल्या होत्या.

"करतो की. छान सरळ..."

"सरळ नको. त्याच्यासारखी."

"वहिनी, रोज आरशात काय दिसेल, विचार केलात का?"

"तोच केलाय."

काका दोन रात्री नीट झोपले नाहीत. वेड नाही हे सिद्ध झालं होतं, आणि आता आपल्याच हाताने ते लावायचं की काय? पण नाही म्हणावं, तर ती बाई उद्यापासून रस्त्यारस्त्यावर म्हाताऱ्यांची तोंडं बघत फिरेल.

त्यांनी काम हाती घेतलं. सात महिन्यांत हिरड्या बसल्या होत्या, म्हणून माप नव्याने घेतलं. दात मेणात बसवताना ओळ सवयीने सरळच आली. मग तेराही नमुने समोर मांडले आणि डावीकडचा दुसरा दात केसभर आत वळवला. अजून केसभर. एका क्षणी तो असा बसला, की काकांनी सुरी टाकली आणि चटकन मागे पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी कवळी तयार झाली. वहिनींनी ती बसवली आणि दाराजवळच्या आरशासमोर खुर्ची ओढून बसल्या. ओठ मिटलेले. गाल भरले होते, दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या. पण दात दिसेना. त्यांनी ओठ ताणले. दात दिसला, पण तो नव्हता. नुसतेच विचकलेले दात होते.

"हसायला लागेल, वहिनी."

"कशावर?"

काकांना आयुष्यात एक विनोद धड सांगता आला नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"तो सांगायचा ना, ते. एका म्हाताऱ्याने नवी कवळी बसवली. घरी गेला तर बायको म्हणते, तोंड मिटत नाहीये... नाही नाही, ते तो म्हणतो. शेवटी. ती आधी म्हणते, अहो, आज किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसलात! मग तो म्हणतो, हसत नाहीये गं... पण हे मी सांगून बसलो की काय?"

वहिनींच्या नाकातून आधी आवाज आला. मग खांदे हलले, आणि त्या डोळे गच्च मिटून, मान मागे टाकून हसल्या. काकांनी आरशात पाहिलं. तो होता. पूर्ण होता. जसाच्या तसा, खट्याळ, आत्ता काहीतरी बोलेल असा.

हसू ओसरलं. वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"दिसला?"

"दिसला," काका म्हणाले.

"मला नाही दिसला. डोळे मिटले हो माझे." त्यांनी खुर्ची आरशाच्या आणखी जवळ ओढली. "परत सांगा."

काकांनी परत सुरुवात केली. एका म्हाताऱ्याने नवी कवळी बसवली. या वेळी वहिनींचे डोळे टक्क उघडे होते, पापणी लवत नव्हती, आणि त्या हसल्या नाहीत.

"परत," त्या म्हणाल्या.