काळ्या दगडाचं पातं

काळ्या दगडाचं ते पातं चित्रात बोटाएवढंच होतं, पण अंजनाची नजर त्यावरून हलेना. पुस्तक शाळेच्या कपाटातलं — मेक्सिकोतले जुने अ‍ॅझ्टेक लोक आणि त्यांचा रोजचा संसार. सहावीच्या पोरांना काही नवं सांगावं म्हणून रविवारी दुपारी धनज गावातल्या घरी ती वाचत बसली होती. पाट्यावर मका वाटणाऱ्या बाया, मातीच्या तव्यावरच्या भाकरी, मिरचीशिवाय घास न उतरणारे पुरुष... आपलेच लोक की, म्हणून तिला हसूही आलं होतं. मग हे पान. ग्रहण लागलं की तिकडच्या गरोदर बाया असं धारदार पातं कपड्याआड पोटाशी ठेवत — बाळाचा ओठ फाटू नये म्हणून.

तिचा हात आपसूक पोटावर गेला. सहावा महिना. एप्रिलमधल्या ग्रहणाला तिसरा होता, आणि ग्रहणात गरोदर बाईने चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात, म्हणून ती मुद्दाम विळीवर कैऱ्या चिरत बसली होती. छप्पन साली बौद्ध होताना या घराने देव नदीत सोडले, आता ग्रहणाला कोण भितं? मी शिकलेली मास्तरीण, चंद्राची सावली फळ्यावर काढून दाखवणारी... आणि त्याच रात्री भीतीने तिला गाठलं. फाटक्या ओठाचं बाळ. तीन महिने डोळे मिटले की तेच. सांगणार कोणाला? नवरा, जानराव, हसला असता. आणि भ्याले हे कबूल करायची लाज तर भीतीहून मोठी.

पण इथे ज्या धारेने ओठ फाटतो, तिथे तीच धार तो राखते — दोन्हीकडचं खरं कसं असेल? छातीवरचं ओझं असं सर्रकन उतरलं की ती चक्क मोठ्याने हसली.

"काय झालं वं?" ज्वारी निवडणाऱ्या सासूने, भागिरथाबाईने, विचारलं.

अंजनाने पातं सांगितलं, ओठ सांगितला. कैऱ्यांचं मात्र गिळून टाकलं.

"म्हंजे त्यायच्यात धार जवळ ठेवली त लेकरू चांगलं होते?" म्हातारीने सूप खाली ठेवलं. "बरं झालं माय, सांगतलं. म्या तुले कैऱ्या चिरताना पायलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती त तू भेली असती."

तीन महिने. एका चुलीशी बसून, एकमेकींपासून लपवत... अंजनाला हसावं की रडावं कळेना. भीती पुरती गेली का, हे छातीठोक सांगता आलं नसतं. अजून तीन महिने जायचे होते. पण ही भीती आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. म्हातारीजवळ सरकून ती खडे वेचू लागली, आणि बाळाचा चेहरा तिने पहिल्यांदाच, ओठांसकट, डोळ्यांसमोर येऊ दिला.