तिजोरीचा आवाज दाखवणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने, लांब मानेचे यंत्र आहे. तुम्ही मला पाहिले असण्याची शक्यता कमी, कारण माझे बरेचसे आयुष्य अमेरिकेतल्या सांता क्लारा गावातल्या एका सिनेमागृहाच्या काउंटरखालच्या खणात गेले. माझा तळ खुर्चीच्या हातावरच्या, पेला ठेवायच्या खळग्यात घट्ट बसतो. त्यातून हवी तशी वळणारी मान वर येते आणि तिच्या टोकाला तळहाताएवढा पडदा आहे. मोठ्या पडद्यावर कोणी बोलले, की ते शब्द माझ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटतात. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येते, त्यांच्यासाठी मला घडवले गेले. माझ्या पडद्यावर एक खास पातळ थर आहे. त्यामुळे अक्षरे फक्त समोरच्याला दिसतात आणि शेजाऱ्याला नुसता अंधार दिसतो.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. एक निवृत्त शिक्षिका दर आठवड्याला मला मागून घेत आणि परत करण्यापूर्वी माझा पडदा स्वतःच्या रुमालाने पुसत. पुढे त्या दुसऱ्या गावी राहायला गेल्या. मग मला मागणारे कमी होत गेले. मागायला लोकांना लाज वाटते, हे मला हळूहळू कळले. वापर नसला की चार्जिंगला लावायचेही राहून जाते. बॅटरी नुसती पडून राहिली तरी तिची ताकद कमी होते. तो रसायनांचा गुणच आहे, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही.

अशाच एका मंगळवारी दुपारी मला खणाबाहेर काढले गेले. समोर तिघे उभे होते. मनोहर आजोबा, प्रतिमा आजी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात रुही.

"मला नको ते," आजोबा म्हणाले. "मी काय पेशंट आहे?"

"आजोबा, इट्स जस्ट अ स्क्रीन!"

"कोण काय बोललं ते प्रतिमा सांगेल ना कानात. इतकी वर्षं सांगतेच आहे."

"हो, आणि पुढचे लोक मागे वळून बघतात," आजी म्हणाल्या. "गेल्या वर्षी त्या माणसाने मला गप्प केलं, तेव्हापासून तुम्ही थिएटरचं नाव काढलं नाहीत. आज आलात ते फक्त तुमच्या त्या हिरोसाठी."

"म्हणूनच म्हणतोय. आज काही कळलं नाही, तर हा शेवटचा सिनेमा. नंतर घरीच बघू."

"घरी तुम्ही दहा मिनिटांत झोपता," रुही म्हणाली. "ओके, फाइन. मी माझ्यासाठी घेते."

सिनेमा सुरू होण्यापूर्वी आजोबा आणि रुही बोलत होते, त्यातून मला बाकीचे समजले. आजोबा एकाहत्तर साली शिकायला अमेरिकेत आले, तेव्हा त्यांना इथल्या लोकांचे भरभर बोलणे कळत नसे. स्वस्तातल्या एका सिनेमागृहात ते आजच्या सिनेमातल्या या नटाचे सिनेमे पुन्हा पुन्हा पाहत. तो सावकाश आणि स्पष्ट बोलायचा. "माझा इंग्रजीचा मास्तर आहे तो," आजोबा म्हणाले.

"ही इज, लाइक, एटी!"

"माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा. चालतो कसा ते बघ आता."

सिनेमाची गोष्ट बहात्तर सालातली होती. बँकेवर दरोडा घालायचा होता, तोही संगणक आणि मोबाइल नसलेल्या काळात. पडद्यावर लांबलचक मोटारी आल्या, टेलिफोनच्या काचेच्या खोल्या आल्या, रुंद कॉलरचे शर्ट आले. "असा पिवळा शर्ट तुमच्याकडे होता," आजी त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "मीच टाकून दिला." आजोबा खुशीत हसले. तोवर सगळे नुसते पाहून कळत होते.

मग दरोडेखोर एका स्वयंपाकघरात जमले आणि बेत ठरू लागला. मित्रांनो, दरोड्याच्या सिनेमात सर्वांत महत्त्वाचे बोलणे सर्वांत हळू आवाजात होते. आजोबांनी कानामागे हात धरला. आजींनी तोंड उघडले, पुढच्या रांगेकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. सगळे प्रेक्षक हसले. आजोबाही हसले, पण एक क्षण उशिरा. त्यानंतर त्यांनी कानामागचा हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.

रुहीने ते पाहिले. तिने मदत देऊ केली नाही. ती त्यांच्या बऱ्या कानाशी झुकली आणि म्हणाली, "आजोबा, हे यंत्र लॅग होतंय असं वाटतं. जरा टेस्ट करा ना."

आजोबांनी तीस वर्षे याच गावात संगणकाच्या चिप तपासण्याचे काम केले होते. त्यांनी माझी मान धरली, मला स्वतःकडे वळवले, नटाच्या ओठांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले.

"अर्धा सेकंद," त्यांनी जरा मोठ्यानेच निकाल दिला. "चालेल."

त्यांनी तपासणी पुढे चालू ठेवली असावी, पण थोड्याच वेळात ते तपासायचे विसरून गेले. आजींनी तीन-चारदा त्यांच्याकडे पाहिले. मग त्या खुर्चीला टेकून बसल्या, पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर घेतला आणि कितीतरी वर्षांनी स्वतःसाठी सिनेमा पाहू लागल्या.

शेवटी तो म्हातारा नट तिजोरीसमोर आला. त्याने पोलादी दाराला कान लावला आणि डोळे मिटून आकड्यांची तबकडी फिरवू लागला. तीन खटके ऐकू आले, की दार उघडणार होते. सभागृहात कोणी हालचाल करीना. त्याच वेळी माझ्या कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकू लागला. माझी बॅटरी संपत आली होती आणि मी काहीही करू शकत नव्हते.

माझ्या पडद्यावर कंसात दोन शब्द उमटले: बारीक खटका. आजोबा पुढे सरकले. आजी त्यांना आजवर संवाद सांगत आल्या होत्या. आवाजही सांगायचा असतो, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. दुसरा खटका आला. नंतर बराच वेळ काहीच आले नाही. नटाच्या कपाळावर घाम होता. लाल दिवा जोरात लुकलुकत होता.

बारीक खटका.

सगळ्या सभागृहाने श्वास सोडला. आजोबांनीही त्याच क्षणी सोडला, सगळ्यांच्या बरोबर. मिनिटभरात मी विझले.

"काय म्हणाला तो?" आजोबांनी आजींना विचारले.

"थांबा हो! मला बघू द्या."

रुहीने हसू दाबायला ओढणी तोंडावर धरली. उरलेली दहा मिनिटे आजोबांनी त्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून काढली. ते जागचे उठले नाहीत.

सिनेमा संपल्यावर मला परत करायला ते स्वतः आले. काउंटरवरच्या लिंडाबाईंना त्यांनी सांगितले की या यंत्राची बॅटरी दोन तासही टिकत नाही आणि हवे असेल तर ते तसा अहवाल लिहून देतील.

"माफ करा," लिंडाबाई म्हणाल्या. "आठ महिन्यांत हे कोणी मागितलंच नाही."

"आता मागतील," आजोबा म्हणाले. "दर मंगळवारी."

मला कोण नेते, याची तिथे एक वही असते. रुहीने तिच्यात स्वतःचे नाव लिहिले होते. आजोबांनी पेन घेतले, ते नाव एका सरळ रेघेने खोडले आणि वर आपले नाव लिहिले, पूर्ण, आडनावासकट.

त्यानंतर माझी बॅटरी बदलली गेली. आता मला खणात ठेवण्यापूर्वी वीज जोडतात. लिंडाबाईंची मी आभारी आहे, त्या शिक्षिकेची आहे आणि सर्वांत जास्त रुहीची. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे यंत्र असेल, तर त्याला उपाशी ठेवू नका. आणि ते वापरायला कोणी मोठे माणूस लाजत असेल, तर आग्रह करू नका. त्या माणसाला आयुष्यभर काय उत्तम करता येत होते ते आठवा आणि यंत्र त्याच कामासाठी त्याच्या हाती द्या. ते हात मला किती काळजीने धरतात, हे मी अनुभवले आहे.