थांबण्याआधी दहा मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. लोखंडाने कसली चुळबुळ करायची, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याला फिरण्यासाठीच घडवले, त्याने दोन वर्षे एका जागी कशी काढावीत? टेकडीच्या उतारावर पत्र्याची शेड, शेडमध्ये मी, चार बोल्टांनी जमिनीला जखडलेला. दाराच्या फटीतून आत आलेली उन्हाची तिरीप रोज माझ्या चाकावरून सरकत जायची. ऊनसुद्धा जागचे हलत होते. मी मात्र नाही.

पाहा, शेवटाकडे आधी धावलो. माझे हे नेहमीचेच. मागे येतो.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, थंड झाल्यावर कानशीने घासले, दोन्ही बाजूंना दोन जड चाके बसवली. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या अंगावर हातोडी वाजवली, कान लावला आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे एका गिरणीत बरीच वर्षे पीठ दळले. मग तिथे वीज आली आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर पोती ठेवू लागले, नंतर छत्र्या. तिथून मला फिटरने बाहेर काढले.

फिटर म्हणजे या टेकडीवर राहणारा, पंप दुरुस्त करणारा माणूस. हात कायम काळे, बोलणे कमी. त्याची थोरली बहीण मात्र तोंडाने फटकळ. तिला सारे गाव आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. आत्याने अकरा बायका गोळा केल्या, बारावी ती स्वतः. सगळ्यांनी साठवलेले पैसे एकत्र केले आणि त्यातून मी आलो, एक तेलाचा घाणा आला आणि एक पाण्याचा पंप आला.

त्यांचे म्हणणे साधे होते. झरा टेकडीच्या पायथ्याशी, भाजीचे वाफे वरती. कोरड्या महिन्यांत पाणी डोक्यावरून वर न्यावे लागे. पंप चालवायला डिझेल हवे, आणि डिझेल फार लांबून येई. पण प्रत्येक शेताच्या कुंपणाला रानएरंड उभा होता. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून पणजोबांच्या काळापासून त्याचेच कुंपण. त्याच्या बिया तेलाने गच्च भरलेल्या. त्या दरवर्षी गळून मातीत जात.

"बकरी ज्याला तोंड लावत नाही, ते हे धूड पिणार?" आत्याने विचारले होते.

"बकरीला जीभ आहे, ताई," फिटर म्हणाला. "याला नुसता घसा आहे."

माझा घसा म्हणजे माझा नोझल. सुईएवढ्या भोकांतून तो इंधन फवारतो. डिझेल पातळ, ते सहज जाते. बियांचे तेल दाट, गरम असले तरच नीट फवारते. म्हणून फिटरने माझ्या डोक्यावर दोन टाक्या बसवल्या, एक डिझेलची, एक तेलाची, आणि मधे टाकी बदलायची एक तोटी. त्याची लेक तेव्हा शाळेत होती. बापाने सांगितले आणि तिने चुन्याने भिंतीवर लिहिले:

आधी डिझेल.
मग तेल.
थांबण्याआधी पुन्हा डिझेल, दहा मिनिटे.

शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा ओढल्या. तेल घशात राहिले आणि मी थंड झालो, की ते गोठून डिंकासारखे होते. मग मी मुका.

ती दहा मिनिटे, मित्रांनो, माझ्या आयुष्यातला एवढाच काळ, जेव्हा मला पळावेसे वाटत नसे. काम संपलेले असे. घाणा आणि पंप, दोघांचेही पट्टे काढलेले असत. फिटर तोटी फिरवून एका उपड्या खोक्यावर बसे आणि लेकीला विचारी, "मग? आज काय वाचलंस?" ती सांगू लागे. समुद्रावर हरवलेली माणसे, बर्फात चालणारी माणसे, राजाला खोटे बोलणारा शिंपी. तो मान हलवत ऐके. घड्याळात दहा मिनिटे झाली की हात वर करी. "बाकीचं उद्या." आणि मला बंद करायची कळ ओढी. कितीतरी गोष्टी अशा अर्ध्यावर राहत, आणि दुसऱ्या दिवशी सुरू होण्याची घाई त्यामुळे दुप्पट होत असे.

असे पाच हंगाम गेले. बायका शेडच्या दारात बसून बोंडे फोडत, बिया वाळवत. मी घाणा फिरवी, घाण्यातून तेल निघे, ते मीच पिई आणि पाणी वर चढवी. पेंड विषारी, म्हणून ती जनावरांपुढे न टाकता खड्ड्यात कुजवून वाफ्यांना घालत. काही वाया जात नसे.

मग एका तेल कंपनीचे साहेब आले. बरोबर नकाशे, छत्र्या आणि दोन फोटो काढणारे. त्यांनी माझेही फोटो काढले. साहेबांचा बोलण्यात हात धरणारा कोणी नव्हता. शहरातल्या मोठमोठ्या लोकांनी या झाडात पैसे गुंतवलेत, म्हणाले. रोपे आम्ही देऊ, बी आम्ही उचलू, त्याचे तेल मोटारींना जाईल, गरिबाच्या घरी सुख येईल.

"कुंपणावर किती लावणार तुम्ही?" ते म्हणाले. "शेतात लावा. याला पाणी लागत नाही."

फिटर पुली पुसत होता. "पाणी लागत नाही म्हणजे पाण्यावाचून मरत नाही," तो म्हणाला. "उपाशी गायसुद्धा लगेच मरत नाही, साहेब. दूध देते का?"

"तुम्ही लहान विचार करता."

"माझं इंजिनच लहान आहे."

बायका हसल्या. पण हसल्यावर त्यातल्या निम्म्यांनी घरी जाऊन खालच्या चांगल्या जमिनीत रोपे लावली. आत्यानेही लावली. भावाला सांगितले नाही, पण टेकडीवर काय लपते? साहेब वाईट नव्हते, हे मी सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी ते स्वतः चिखलात उतरून रोपे लावत होते. तिसऱ्या वर्षी झाडांना मूठमूठ बी आले, तिकडे जगाच्या बाजारात तेल स्वस्त झाले, आणि बी उचलणारी गाडी यायची थांबली. आत्याने ती झाडे उपटली तेव्हा हातांना फोड आले होते.

"माझी अक्कल तेव्हा चरायला गेली होती," ती शेडमध्ये येऊन म्हणाली.

"आली ना परत?" फिटर म्हणाला. "मग ते बी आण. याला भूक लागली आहे."

तो एकीलाही टोचून बोलला नाही. सगळ्यांचे उरलेले बी माझ्या पोटात गेले. ज्यांनी फक्त कुंपणावर लावले होते, त्यांचे काहीच बुडाले नव्हते. ज्यांनी धान्याच्या जागी लावले, त्यांची तीन वर्षे गेली. मला शहाणपण शिकवता येत नाही. मी पाहिले तेवढे सांगतो.

आता तो दिवस. इथे मला घाईघाईने पुढे जावेसे वाटते, पण मी तसे करणार नाही.

लेक शहरात नोकरीला लागली होती आणि सुट्टीवर आली होती. भर दुपार. मी तेलावर चाललो होतो, पंप भरात होता. फिटर तोटीकडे आला, छातीवर हात ठेवला आणि खोक्यावर बसला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला. लेक धावली. वरच्या रस्त्यावर एक जीप निघण्याच्या बेतात उभी होती, चालक हॉर्न वाजवत होता.

"तोटी फिरव," फिटर म्हणाला. "दहा मिनिटं दे त्याला."

तिने भिंतीकडे पाहिले. बापाकडे पाहिले. मग माझी कळ ओढली. मी तेलावरच थांबलो. दहा मिनिटे तिच्यापाशी नव्हती, मित्रांनो, आणि तिने केले तेच बरोबर होते. मी ओरडून सांगितले असते. पण कळ ओढल्यावर मला आवाज कुठला?

फिटर परत आला नाही. जीप दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधीच तो गेला, हे मला दाराबाहेर बसलेल्या बायकांच्या बोलण्यातून कळले. लेकीने शेडला कुलूप लावले आणि किल्ली तिच्याबरोबर शहरात गेली. बायका पुन्हा डोक्यावरून पाणी नेऊ लागल्या. निम्मे वाफे पडीक राहिले. आत्या एकदा पत्र्यावर हात टेकून कुणाला तरी म्हणाली, "किल्ली मागायची कशी? जीभ रेटत नाही."

माझ्या घशात तेल आधी चिकट झाले, मग मेणासारखे, मग खपलीसारखे कडक. आतून मी रोज चाक फिरवायचा प्रयत्न करी. चाक ढिम्म.

दोन वर्षांनी कुलूप उघडले. लेक आली होती, आणि तिच्यामागे भंगारवाला. उन्हाळा तोंडावर होता. आत्या दारातच उभी राहिली.

"हे तुझ्या बापाचं नव्हे, आम्हा बारा जणींचं आहे," ती म्हणाली. "पण तुला बघवत नसेल, तर जाऊ दे. पाणी आम्ही वाहू. मान अजून शाबूत आहे."

लेक भिंतीकडे पाठ करून उभी होती.

भंगारवाला पूर्वी मिस्त्री होता. त्याने चाकाला जोर लावला, नोझलचा नट सोडला, वास घेतला आणि हसला. "च्यायला, तेलावर बंद केलंय. ज्यानं बंद केलं, त्याला यातलं काही कळत नसणार."

"मी बंद केलं," लेक म्हणाली. "मला कळत होतं."

भंगारवाल्याने हात पुसले. आत्याने पदराचे टोक चाचपले, मग ते सोडले.

"हे साफ होतं का?" लेकीने विचारले.

"होतं. पण वेळ खातं. बसणार कोण?"

"उद्या नको येऊ. परवाही नको."

तिने शर्टाच्या बाह्या वर केल्या. नोझल काढून डिझेलच्या वाटीत बुडवला. पितळी ब्रशने घासला, बारीक तारेने एकेक भोक मोकळे केले. नळ्या सोडवून फुंकल्या. डिझेलची चव तोंडात गेली तेव्हा शिवी दिली, अगदी बाप द्यायचा तशी. माझ्या सिलिंडरमध्ये डिझेल ओतून दोन दिवस मुरू दिले. तिसऱ्या दिवशी आत्या आणि ती, दोघी मिळून हँडलला लोंबकळल्या. चाक बोटभर हलले. पुन्हा बोटभर. मग मी खोकलो, काळा धूर टाकला, आणि सुरू झालो.

दारात अकरा बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकीने घागर उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

त्या दिवशी मी आधी डिझेल प्यायलो, मग तेल. वाफ्यांपर्यंत पाणी चढले. काम संपल्यावर लेकीने पट्टे काढले, तोटी फिरवली आणि खोके ओढून बसली. घड्याळ काढून मांडीवर ठेवले.

"आता काय?" आत्या म्हणाली. "झालं ना? कर बंद."

"दहा मिनिटं."

आत्या भिंतीवरच्या फिकट अक्षरांकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नाही, पण ती अक्षरे तिला पाठ आहेत. मग ती घागर सरकवून शेजारी बसली.

"नुसती बसू नकोस," ती म्हणाली. "त्याला सांगायचीस ना काहीतरी. तेच सांग."

मी हळू चाललो, अगदी हळू, माझ्या स्वभावाविरुद्ध. मग लेक बोलू लागली. बाप गेला त्या दिवशी सांगायची राहून गेलेली एक गोष्ट होती, समुद्रावरून घरी निघालेल्या माणसाची.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुठे माझ्यासारखे काही पडलेले असेल. त्याला हार घालू नका, त्याच्यावर छत्र्याही ठेवू नका. वापरा. जवळ पिकते ते त्याला खाऊ घाला. आणि थांबवायचे असेल तेव्हा, वेळ हाताशी असेल तर, आधी दहा मिनिटे त्याच्याजवळ बसा. वेळ नसेल, तर खुशाल कळ ओढा आणि आपल्या माणसाकडे धावा. आम्ही राग धरत नाही. फक्त नंतर कधीतरी परत या, बाह्या वर करून.