न केलेली सर्व्हिस

बॉल वहिनीच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध बसला. आवाज असा आला की नेटपलीकडच्या दोघीही दचकल्या.

"सॉरी, सॉरी वहिनी!" मागून बारकी ओरडली.

"सासूबाईंनी सांगून पाठवलंय वाटतं," वहिनी पाठ चोळत म्हणाली. बारकी हसली, पण जरा उशिरा. विनोद तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागल्यासारखी.

डबल्समध्ये एक जण सर्व्हिस करते तेव्हा दुसरी नेटपाशी, तिच्याकडे पाठ करून उभी असते. मागचा बॉल कानाजवळून सणसणत जातो, तरी वळून बघायचं नसतं. वहिनी कित्येक वर्षं अशी बारकीकडे पाठ करून उभी राहिली होती आणि बारकीचा बॉल तिला कधी चाटूनसुद्धा गेला नव्हता. आज एकाच गेममध्ये हा दुसरा.

बारकी तिची नणंद. घरातलं शेंडेफळ म्हणून बारकी, एरवी उंचीला घरात सगळ्यांच्या वर. कोर्टवर ती सारखी 'वहिनी, वहिनी' करायची, त्यामुळे भाषा न कळणाऱ्या खेळाडूंना तेच हिचं नाव वाटायचं. सामना संपला की त्या हात मिळवून म्हणायच्या, "वेल प्लेड, वाहिनी." बारकीचा दादा म्हणजे वहिनीचा नवरा, आणि दोघींचा कोच. वहिनी आधी त्याची विद्यार्थिनी होती. लग्नानंतरही ती त्याला अहो-जाहोच करत राहिली.

एकेरीत वहिनीचं कधी बस्तान बसलं नाही. कडेच्या कोर्टांवर, माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्यांसमोर डबल्स खेळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. हा शेवटचा हंगाम, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. आणि नेमकं आत्ता, मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी, मुख्य कोर्ट, पहिला सेट खिशात आणि दुसऱ्यात त्या पुढे.

बारकीने तो गेम कसाबसा काढला. पाच-दोन. बाजू बदलायच्या आधी दोघी खुर्च्यांवर टेकल्या. बारकीने बाटली तोंडाला लावली. अर्धं पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून शर्टावर ओघळलं. तिने पुसलं नाही. तिला ते कळलंच नव्हतं.

"झोप झाली नाही का गं?"

"झाली की."

"डोकं दुखतंय?"

"तू नको ना आता डॉक्टरीण होऊस." शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडले.

वहिनीने वर, कोचच्या जागेकडे पाहिलं. नवरा स्कोअरकडे बघत नव्हता. तो आपल्या बहिणीकडे एकटक बघत होता. वहिनीशी नजर भिडताच तो घाईघाईने टाळ्या वाजवायला लागला.



पुढचा गेम गेला. एक बॉल बारकीच्या उजव्या हाताशी पडला आणि ती जागची हललीसुद्धा नाही.

"तुझा होता तो," वहिनी म्हणाली.

"कुठला?" बारकीने विचारलं. थट्टा नव्हती, खरोखरच विचारत होती.

मग सर्व्हिस वहिनीची. आता बारकी नेटपाशी पाठमोरी आणि वहिनी तिच्यामागे, बेसलाइनवर. हात सरावाने चालत राहिले, पॉइंट येत गेले. समोरचीने मारलेला एक जोरदार बॉल बारकीच्या उजव्या कानाला घासल्यासारखा गेला आणि बाहेर पडला. बारकीने मान बाजूला घेतली नाही, खांदा चोरला नाही. काय धीराची पोरगी, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीला मात्र दिसलं की रॅकेट तिच्या हातात नुसती लोंबतेय, आणि तिचं टोक जमिनीला टेकलंय.

मॅच पॉइंट. कोर्ट चिडीचूप झालं.

वहिनीने बॉल आपटला. पुन्हा आपटला. नेमकी कोपऱ्यात पडली तर ही सर्व्हिस परत येणार नाही. आणि आलीच, तर ती बारकीच्या अंगावरच येणार, तिथेच मारतात सगळ्या. येईल? नाही येणार. एवढी एकच. हातात बॉल धरून ती हा हिशेब करत राहिली, आणि आपण कसला हिशेब करतोय हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती रॅकेट खाली करून अंपायरच्या खुर्चीपाशी चालत गेली.

"आम्ही सामना सोडतोय. डॉक्टरांना बोलवा. लगेच."

"वेडी झालीस का वहिनी?" बारकी धडपडत आली. "एकच पॉइंट आहे!"

वरून नवरा कठड्यावर ओणवा झाला होता. "एकच सर्व्हिस! अगं, एक मार फक्त!"

"बारके," वहिनी शांतपणे म्हणाली, "उजवा हात वर कर बघू."

"केला की," बारकी म्हणाली.

हात मांडीशीच होता.

वहिनीने तिला कमरेत धरून खुर्चीवर बसवलं. समोरच्या दोघी भांबावून नेटपाशी उभ्या होत्या. डॉक्टर धावत पोचल्यावर वहिनी नेटपाशी गेली आणि त्या दोघींशी हात मिळवून आली. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन सुरू झालं तेव्हा संध्याकाळ होत होती. हॉस्पिटलच्या बाकावर नवरा दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. वहिनीच्या अंगात अजून खेळाचेच कपडे होते.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं. आजवर तिच्या तोंडून त्याच्यासाठी 'तू' गेला नव्हता. दोघांनाही तो ऐकू आला.

"डोकं आठवडाभर दुखत होतं तिचं," तो म्हणाला. "सकाळी म्हणाली, ओठ बधिर वाटतोय. मला वाटलं टेन्शन असेल. म्हटलं सामना झाला की दाखवू." मग खालच्या आवाजात, "वहिनीला सांगू नकोस म्हणाली. ती खेळायची नाही म्हणाली."

 वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण उठूनही गेली नाही.

बारकी वाचली. फायनल कधीच होऊन गेली होती. कोण जिंकलं ते तिघांपैकी कुणी विचारलं नाही. एका सकाळी खोलीत दोघीच असताना बारकी अडखळत म्हणाली, "एकच... पॉइंट... होता ना गं?"

"हो."

 बारकीने डोळ्यांनीच आपल्या उजव्या हाताकडे खूण केली. वहिनीने खुर्ची पुढे ओढली आणि त्या तळव्यात आपली दोन बोटं ठेवली.

"दाब."

"दाबतेय."

वहिनीच्या बोटांना काहीच जाणवलं नाही. बारकीच्या कपाळावर घाम आला होता.

"आता?"

"नाही गं," वहिनी म्हणाली. "अजून नाही."

दारात नर्स येऊन उभी राहिली, भेटायची वेळ संपल्याचं तिने सांगितलं. वहिनीने मान डोलावली, पण बोटं काढली नाहीत.