इस्त्रीखाली गेलेला शिक्का

चाळीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कपडा सळ घेऊन बाहेर गेला नाही. बढाई नाही मारत, बढाई मारायला मला सवड कधी होती? हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते ह्याच सवयीनं झालं.

खाली आमचं इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या. एका खोलीत मी आणि माझा धाकटा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दुसऱ्या खोलीत माझ्या नणंदबाई, आणि साथ आल्यापासून त्यांच्या शेजारच्या खाटेवर धाकट्यानं घरी आणलेली ती. परदेशातली. दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. त्या इमारतीची लिफ्ट सारखी बिघडायची. सारखी का बिघडायची ते मला फार उशिरा कळलं.

मी तिला 'पाहुणी' म्हणायचे. मार्चमध्ये जेवताना एकदा बोलून गेले होते, "चार दिवसांची पाहुणी आहे. विमानं चालू आहेत तोवर जाऊ दे तिला आपल्या माणसांत." तेच नाव पडलं. तिला अर्थ कळला तरी ती हाक मारली की ओ द्यायची, हे मला जास्त झोंबायचं. नणंदबाई मात्र तिच्या बाजूच्या. तिनं त्यांना नवी कवळी करून दिली होती, अगदी घट्ट बसणारी. पोरीनं वन्संना दात दिले आणि वन्सं मलाच चावायला लागल्या.

दवाखाना बंद पडला, तिचं काम गेलं, आणि कामाबरोबर राहण्याचा परवानाही संपत आला. रविवारी शेवटचा दिवस. त्याच दिवशी तिच्या देशाचं विमान येणार होतं, फक्त त्यांच्या माणसांना न्यायला. लग्न झालं तर ती इथं राहू शकत होती. नाही झालं तर ती तिकडे, माझा मुलगा इकडे, आणि मध्ये बंद दारं. कधी उघडतील कुणाला माहीत. नोंदणी कचेरीनं शुक्रवारची वेळ दिली होती, बाराच्या आतली. त्यानंतर कचेरीही बेमुदत बंद. एकच कागद यायचा राहिला होता. तिचं आधी कुठं लग्न झालेलं नाही, असा तिच्या वकिलातीचा दाखला.

तो गुरुवारी टपालानं आला. पाहुणीनं बघून परत पाकिटात घातला आणि खाली ठेवला. आणि मी त्याला इस्त्री केली.

आता कुणी म्हणेल, कागदाला कोण इस्त्री करतं? त्या दिवसांत सगळेच करत होते. गरमीनं तो रोग मरतो म्हणे. समोरचा घड्याळवाला आधीच्या महिन्यात एका सोमवारी स्वतःच्या पायांनी इस्पितळाच्या गाडीत चढला, मला हात केला, "चादरी तयार ठेवा, वहिनी" म्हणाला. गुरुवारी त्याच्या बायकोला नुसता फोन आला. त्या चादरी अजून माझ्या फळीवर होत्या. मला त्या फळीकडे बघवत नव्हतं. रात्रंदिवस कान एकाच गोष्टीकडे, घरात कोण खोकलं? मग मी दारातून आत येणारी प्रत्येक वस्तू तापवायला लागले. पेपर, पत्रं, नोटा, पिशव्या. गल्लीतली माणसंही आपली पत्रं चिमट्यात धरून आणून द्यायची. शर्ट यायचे बंद झाले होते, निदान एवढं तरी काम होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला पाहुणीनं पाकीट उघडलं. कागद हातात घेतला. खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

"इथे गोल होता," ती म्हणाली. "वर आलेला गोल. काल मी बघितला. कुठे गेला?"

मुलानं कागद घेतला, उजेडाकडे धरला. "आई, तू ह्याला इस्त्री केलीस?"

"केली. का, सळ राहिला?"

म्हटलं आणि तेव्हाच माझ्या हाताला आठवलं. कोपऱ्यात बाटलीच्या झाकणाएवढं काहीतरी उठलेलं. ना शाई, ना रंग. मला वाटलं दमटपणानं कागदाला फुगवटा आलाय. एकदा फिरवली, जाईना. दुसऱ्यांदा फिरवली. तिसऱ्यांदा खाली लाकडी पाट घेतला, आठ किलोची इस्त्री अर्ध्या भागावर ठेवली, वर जोर दिला आणि दहा आकडे मोजले. मग गेलं. मी खूशही झाले होते.

"तो शिक्का होता, आई. यंत्रात दाबून उठवलेला. त्याच्याशिवाय हा कागद म्हणजे रद्दी."

"मला काय माहीत? त्यांच्या लिपीतलं मला ओ की ठो कळत नाही."

"तू मुद्दाम केलंस."

ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला, ग्राहकाला सांगावं तसं. त्याचा हिशोब बरोबर होता. ती गेली असती तर मुलगा माझ्याकडे राहिला असता. मला जे हवं होतं तेच माझ्या इस्त्रीनं केलं होतं.

"आण इकडे, वाफ देऊन बघते. कोरड्या इस्त्रीनं बसवलेलं वाफेनं—"

"हात लावू नकोस त्याला." त्यानं कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत घातला. "साक्षीदार दोन लागतात म्हणून चल. ती रविवारी गेली तर मी इथेच राहीन. तुला जेवायला घालीन, औषध आणीन. पण तुझ्याशी बोलणार नाही."

कचेरी चालत अर्ध्या तासावर. पुढे ती दोघं, मागे आम्ही दोघी म्हाताऱ्या, मध्ये अंतर. दुकानांची शटरं खाली. फुटपाथवर उभं राहायला चुन्याचे गोल काढलेले, आणि त्यांत कुणीच नाही. चौकात पोलिसानं कागद लांबूनच बघितले. एक रुग्णवाहिका भोंगा न वाजवता गेली. भोंगा नसला की जास्त भीती वाटते. घाई संपलेली असते.

वन्संनी मास्कमधून विचारलं, "वहिनी, खरं सांग. मुद्दाम?"

"वन्सं, मुद्दाम करायचं असतं तर मी तो कागद जाळला असता. इस्त्री कशाला केली असती?"

"मीही तेच म्हणते. तुझं काम अर्धवट नसतं." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "पण त्याला हे पटायचं नाही. तो तुझाच मुलगा ना."

भीती मला कचेरीची नव्हती. मी आठवत होते, तो गोल हाताला लागला तेव्हा मनात काय आलं होतं? फुगवटा, एवढंच? की त्याच्याखाली आणखी काही होतं? हात माझा, त्यानं हजारो कपडे ओळखलेत. नुसत्या बोटानं सांगतो कॉलरीत कॅनव्हास आहे की कागद. आणि त्याला शिक्का कळला नाही?

कचेरीत खुर्च्या एक सोडून एक पट्टी लावून बंद केलेल्या. काचेमागे कारकून. मास्क, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा, हातात रबरी मोजे, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. आमच्या मागच्या माणसाला ठसका लागला, तर रांगेतले सगळे दोन पावलं मागे. त्यानं सगळ्यांकडे बघून "पाणी, पाणी अडकलं" असं तीनदा सांगितलं. चोर पकडल्यासारखा चेहरा झाला होता बिचाऱ्याचा.

कारकुनानं दाखला उलटासुलटा केला. "शिक्का कुठाय? ही नक्कल आहे. मूळ प्रत आणा."

"मूळ हीच आहे," मुलगा म्हणाला.

"उठावाचा शिक्का नाही म्हणजे नक्कल. वकिलातीतून दुसरी घ्या."

"वकिलात बंद आहे."

"मग उघडली की या."

"हिचा परवाना रविवारी संपतो."

"बारा वाजता ही खिडकी बंद होते," कारकून म्हणाला. भिंतीवर पावणेबारा झाले होते.

मुलानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. घड्याळवाल्याच्या बायकोनं फोन ठेवून असंच बघितलं होतं. मी फरशीवरचा माझा उभं राहायचा गोल सोडला आणि काचेपाशी गेले.

"साहेब, शिक्का होता. तो मी सपाट केला."

"तुम्ही कोण?"

"मुलाची आई. इस्त्रीवाली."

"कागदाला इस्त्री केली?"

"तुमच्या घरी नाही करत कुणी?"

तो जरा घुटमळला. "बायको पेपरला करते," म्हणाला. "पण सरकारी कागदाला?"

"तिला सांगा, करू नको. आणि मला तो थर्मास द्या. पँटची दुमड सोडवून किती का इस्त्री करा, पहिल्या दमट दिवशी जुनी रेघ वर येते. मी कोरडी इस्त्री केली होती, कागद म्हणून पाणी मारलं नव्हतं. वाफ लागली तर येईल परत. नाही आला तर आम्ही जातो."

"आई, नको," मुलगा म्हणाला. "शाई पसरली तर उरलंसुरलंही जाईल."

तेव्हा पाहुणी बोलली. आमची भाषा ती दगडादगडावर पाय ठेवून बोलते, पण पडत नाही. "माझ्या कामात मेण आहे. दाबलेलं मेण गरम केलं की परत उठतं. त्याला आठवतं." तिनं काचेखालून कागद ओढला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. तुम्ही करा."

मुलानं मला दिला नाही तो कागद तिनं दिला. जिला मी पाहुणी म्हणत होते तिनं.

कारकुनानं थर्मास खिडकीतून ढकलला, आणि हात असा झटकन मागे घेतला की जणू मी चावणार होते. मी झाकण काढलं. वाफ आली. कोपरा वर धरला. फार जवळ नेला तर सही पसरणार, लांब धरला तर काही नाही. वन्संनी माझं कोपर धरलं. मी आकडे मोजले. दहा. खिडकीच्या उजेडात तिरका धरला. काही नाही. परत दहा. काही नाही. मागच्या माणसाला पुन्हा ठसका लागला, पण या वेळी मागे कुणी सरकलं नाही. सगळे कागदाकडे बघत होते. तिसऱ्यांदा धरला, आणि मग उजेडात नखाएवढी एक कोर दिसली. हळूहळू अर्धा गोल. उरलेला अर्धा, जिथं मी पाट लावून दाबलं होतं, तो आलाच नाही.

कारकुनानं मोज्याच्या अंगठ्यानं चाचपलं. "काही लागत नाही."

"मोज्यातून काय लागणार?" पाहुणी म्हणाली.

तो मोज्याकडे बघत राहिला. त्या दिवसांत परक्याच्या वस्तूला उघडा हात लावायचा म्हणजे काय ते ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच कळेल. तो कागद आम्हा चौघांच्या हातातून, माझ्या तोंडासमोरून गेलेला. सहा मिनिटं उरली होती. त्यानं एकेक बोट ओढून मोजा काढला आणि डोळे मिटून अंगठा फिरवला.

"अर्धाच आहे."

"अर्धा माझ्याकडून गेला. तसं लिहून घ्या."

"मी नाही, तुम्ही लिहा. तुमच्या हातानं. त्याशिवाय मला हा घेता येणार नाही."

मी दुसरीत शाळा सोडली. सही येते, दुकानाची पाटी येते. चार लोकांत लिहायची वेळ मी कधी येऊ दिली नव्हती. कारकून सांगत गेला, मी लिहीत गेले. माझी अक्षरं न धुतलेल्या कपड्यांच्या ढिगासारखी. "'सदर दाखल्यावर मी इस्त्री फिरवली,'" तो म्हणाला. "पुढे लिहा, 'नजरचुकीने.'"

माझा हात थांबला.

"साहेब, माझी नजर चुकत नाही. मी बघितलं होतं. सळ आहे असं समजून बसवला."

"बघून केलं असेल तर ते मुद्दाम झालं. मग मला हा कागद बाद करावा लागेल. काय ते ठरवा."

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक आहे, माझ्या कामात चूक झाली असं मी त्याच्या बापालाही कधी म्हटलं नाही. मी 'नजरचुकीने' लिहिलं. 'चु'चा उकार आधी राहिला, मग घातला. आणि खाली सही केली.

लग्न तीन मिनिटांत झालं, दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून. बारा वाजता खिडकीवर फळी आली.

मग चौदा दिवस मोजले. कारकुनाच्या उघड्या अंगठ्यातून आम्हाला काय आलं, की आमच्यातून त्याला काय गेलं, हे कळायला तेवढे लागायचे. भिंतीपलीकडे सून शिंकली की मी उठून बसायचे. लग्नाचा नवा दाखला, त्याचाही शिक्का उठलेला, वरच्या खिडकीत ऊन खात पडला होता. त्याला कुणी हात लावत नव्हतं. मुलगा बोलत होता, पण कामापुरतं. चहा झाला का, पाणी तापलं का.

पंधराव्या दिवशी तो खाली दुकानात आला. दाखला माझ्या टेबलावर ठेवला, घोंगडीवर, मधोमध.

"आई, उन्हानं कडा वळल्यात. शिक्का सोडून फिरव जरा."

इस्त्री तापलेलीच होती. मी उचलली. मनगटाला ते वजन चाळीस वर्षांचं ओळखीचं, पण मला ती कागदाच्या जवळ नेता येईना. परत तोच प्रश्न, तो गोल हाताला लागला तेव्हा मला काय वाटलं होतं? ते मला त्या दिवशीही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

मी इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

"राहू दे वळलेल्या," म्हटलं. "सुनबाईला सांग, घेऊन जा म्हणावं."