त्या दुपारी माझा बाण कोणी हलवला

मित्रांनो, देहूरोडला एका तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर मी गेली सहा वर्षं बसून आहे. मी एक जुना संगणक. माझा पंखा आता घरघरतो, कीबोर्डवरची दोन-तीन अक्षरं पार पुसून गेली आहेत. पण सांगायची आहे ती गोष्ट मी कोरा करकरीत होतो तेव्हाची.

पिंपरीतल्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. दुकानदाराने माझ्यात ड्रॉइंगचं एक चोरीचं सॉफ्टवेअर भरलं आणि ते चालावं म्हणून माझ्यात मुळातच असलेलं संरक्षण बंद करून टाकलं. "अँटिव्हायरस नंतर टाका मॅडम, घाई नाही," असं म्हणून त्याने मला खोक्यात घातलं. कडी न लावलेल्या घरासारखा मी अंजलीताईंकडे आलो.

अंजलीताई चाकणच्या एका कारखान्यात होत्या. त्यांचा विभागच बंद झाला आणि नोकरी गेली. त्यांचे सासरे अण्णासाहेब टूलरूममधले, म्हणजे कारखान्याचे साचे-अवजारं घडवणारे, निवृत्त कारागीर. गुडघे गेल्यामुळे त्यांना जिना उतरता येत नव्हता. दोन वर्षांत त्यांनी रस्ता पाहिला तो खिडकीतूनच. आता दोघांनी मिळून घरीच काम धरलं होतं. चाकणचे वर्कशॉपवाले बबनराव यांना एक फिक्श्चर हवं होतं. फिक्श्चर म्हणजे छिद्र पाडताना लोखंडी भाग जागेवर घट्ट धरणारी चौकट. अण्णा डोळे मिटून सांगायचे आणि ताई माझ्यावर रेखाटायच्या.

"तिथं थोडी जागा सोड पोरी. नाहीतर मशीनवरच्या पोराचं बोट अडकेल," अण्णा म्हणायचे.

सतरा दिवसांत अकरा ड्रॉइंग झाली. अण्णांचा आवाज रोज थोडा मोठा होत गेला. मला फार अभिमान वाटायचा.

अठराव्या दिवशी ताईंना अँटिव्हायरसची आठवण झाली. त्यांनी इंटरनेटवर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेल्या 'मोफत संरक्षण' या जाहिरातीवर क्लिक केलं. मित्रांनो, ते संरक्षण नव्हतंच. माझ्या पडद्यावर लाल चौकट पसरली. 'तुमच्या संगणकात ४१ व्हायरस आहेत. ताबडतोब फोन करा.' ती चौकट मिटेना, हलेना. माझ्यात तेव्हा फक्त एकच घुसखोर होता आणि तोच हे सांगत होता. पण मी ओरडणार कसा? माझं तोंड म्हणजे माझा पडदा, आणि तोच त्याने दाबून धरला होता.

ताईंनी घाबरून फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "घबराइए मत मॅडम, मैं कंपनी से बोल रहा हूँ." त्याने पडद्यावरचा एक आकडा विचारला. ताईंनी तो वाचून दाखवला. पुढच्या क्षणी माझ्यात एक परका हात शिरला. माझी कप्पे-कपाटं माझ्याच हातांनी उघडली जाऊ लागली. ड्रॉइंगचा कप्पा उघडला. एकेका ड्रॉइंगला तो कुलूप घालत चालला. मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. स्वतःच्याच अंगात कोंडलं जाणं काय असतं, ते मी त्या दुपारी अनुभवलं.

मागे खुर्चीत बसलेले अण्णा एकदम पुढे वाकले. "अंजली, तुझे दोन्ही हात फोनला आहेत. मग पडद्यावरचा तो बाण कोण हलवतंय?"

"कंपनीचा माणूस आहे, अण्णा. दुरुस्त करतोय."

"दुरुस्तीवाला मालकाला विचारल्याशिवाय कपाट उघडत नाही!" अण्णा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी इंटरनेटची वायर खसकन ओढली. "मशीन वेडंवाकडं चाललं, की आधी त्याची लाइन तोडायची. विचार मागनं."

फोनवरचा गोड आवाज क्षणात शिव्या देऊ लागला. ताईंनी फोन बंद केला आणि मलाही.

चार दिवस मी अंधारात पडून होतो. घुसखोर आत तसाच. ताईंनी मावसभावाला, बुद्धरत्नला, बोलावलं. तो मारुंजीत राहतो, आयटीत काम करतो. त्याने आधी स्वतःच्या मोबाइलवरून ताईंचे सगळे पासवर्ड बदलून घेतले. मग मला तपासून तो हळूच म्हणाला, "ताई, सगळं पुसावं लागेल. याच्यावर आता भरवसा ठेवता येत नाही."

"आणि ड्रॉइंग?"

"चार वाचली, कागदावर छापलेली होती म्हणून. बाकीची गेली."

ताई तोंडावर पदर घेऊन रडल्या. अण्णांनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "कागद गेले. डोकं शाबूत आहे. डोळे पूस आणि बस."

बुद्धरत्नने मला कोरं केलं. वायर काढलेलीच ठेवली. चोरीचं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं नाही. माझं मूळचं संरक्षण चालू केलं. स्वतःच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरून उतरवलेलं अँटिव्हायरस त्याने पेनड्राइव्हने माझ्यात घातलं. वायर त्यानंतर जोडली आणि पहिलं काम म्हणून ते अद्ययावत केलं. मग ड्रॉइंगचं मोफत मिळणारं, पण अधिकृत सॉफ्टवेअर उतरवलं. माझा कोपरा न् कोपरा तपासून झाल्यावरच ताईंनी पहिली रेघ ओढली. बबनरावांनी दहा दिवस वाढवून दिले. नवव्या दिवशी ड्रॉइंग पोहोचली.

आता माझं वय झालं. काल ताईंनी नवा संगणक आणला. तो शेजारी टेबलावर आहे, पण त्याला अजून इंटरनेटची वायर नाही. त्याच्यासाठीचं अँटिव्हायरस आज सकाळी मी उतरवून दिलं, खऱ्या संकेतस्थळावरून. पेनड्राइव्ह माझ्यातून निघाला आणि त्याच्यात गेला.

"आता तरी वायर जोडायची का गं?" अण्णांनी विचारलं.

"थोडं थांबा, अण्णा. हे आधी पुरतं बसू दे."

मित्रांनो, तुमच्याकडेही नवा संगणक येईल. तो पहिल्या दिवशी फार भोळा असतो, जो हात लावेल त्याचं ऐकतो. त्याला जगाशी जोडण्याची घाई करू नका. आपण गप्प कोंडले गेलो आहोत, हे सांगायला त्याच्याकडे पडद्याखेरीज दुसरं तोंड नसतं.